अक्रोडाचा पलंग आणि जिन्याचं वळण

ऑस्टहांग वसाहत, इमारत ब, घर क्रमांक १४
मंगळवार, २४ सप्टेंबर १९२९

आदरणीय वाल्बुर्गाताईस,

धाकट्या इग्नाझचा नमस्कार पोचावा. तुझे गुडघे कसे आहेत, बदकं किती उरली, आणि गावचे पाद्रीबुवा अजून प्रवचनात लोकांना झोपवतात की आता स्वतःच झोपतात, हे सवडीने कळव. इकडे सर्व ठीक आहे. ठीक म्हणजे मी ठीक आहे, नळाला गरम पाणी येतं, छप्पर सपाट आहे, आणि ओटिलीच्या पोटातली गाठ डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे नाताळपर्यंत काही थांबत नाही. हे वाक्य मी पत्राच्या शेवटी हळूच लिहिणार होतो, पण तू पत्र नेहमी शेवटाकडून वाचतेस, म्हणून वरच लिहून टाकलं. आता तू निवांत बस, चष्मा पूस आणि बाकीचं वाच.

तीन वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही. दोष माझा. (तूही लिहिलं नाहीस, पण तू थोरली आहेस, तुझा दोष कोण काढणार?) ज्या दिवशी आम्ही आमचा अक्रोडाचा पलंग तुझ्याकडे गाडीवर घालून आणला, त्या दिवशी ओटिली तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली की ही चूल सतराव्या शतकातली आहे आणि हा धूर सोळाव्या. त्यावर तू म्हणालीस, "तुम्ही घरात नाही, दवाखान्यात राहायला चाललात. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या कपाटात पांढरी माणसं!" मग दोघी गप्प झालात, आणि मी मध्ये उभा राहून आलुबुखाराच्या केकचे चार तुकडे खाल्ले, कारण तोंड रिकामं राहिलं असतं तर मला कोणाची तरी बाजू घ्यावी लागली असती. त्या गप्प बसण्याला या महिन्यात तीन वर्षं झाली. त्या पलंगावर तू झोपतेस असं टपालवाल्याकडून कळलं. बरं वाटलं. चौतीस वर्षांपूर्वी मी तो लग्नासाठी कोरला, उशाच्या फळीवर सेहेचाळीस द्राक्षं आणि दोन कबुतरं, त्यावर एखादं माणूस झोपतंय हे उत्तमच आहे.

तो पलंग इथे का राहिला नाही हे तुला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, ते आता सांगतो. इथे पलंग नसतो. इथे एक लोखंडी चौकट असते, ती सकाळी उचलून भिंतीत बसवायची आणि वरून पडदा ओढायचा. पलंग आत गेला की जागा मोकळी होते, जागा मोकळी झाली की दुसऱ्या भिंतीतून जेवायचं टेबल खाली पडतं, टेबल वर गेलं की शिवणकामाची फळी निघते. दिवसभर घर असं उघडमीट करत असतं. फार हुशार कल्पना आहे, मी सुतार आहे, मला बिजागरीची किंमत कळते. फक्त एक अट आहे, दिवसा कोणी झोपून राहायचं नाही. ओटिली जूनपासून झोपून आहे. म्हणजे पलंग खाली, म्हणून टेबल वर, म्हणून मी जूनपासून उभ्याने जेवतो. शिवणकामाची फळी तर मी मे महिन्यानंतर पाहिलेलीच नाही. आणि स्वयंपाकघर! ते एका बाईच्या मापाने बांधलं आहे. शेगडीपासून मोरीपर्यंत किती पावलं, मोरीपासून कपाटापर्यंत किती, हे कोणीतरी घड्याळ लावून मोजलं आहे म्हणे, आणि उत्तर आलं की एकही पाऊल लागता कामा नये. ओटिली स्टुलावर बसून नुसती वळायची आणि जेवण तयार व्हायचं. आता मी वळतो. मी वळलो की मिठाचं कपाट कपाळाला लागतं, परत वळलो की गॅसची चावी कंबरेत बसते. आतून ओटिली ओरडते, "काय फोडलंस?" मी सांगतो, "डोकं." ती म्हणते, "मग ठीक आहे, मला वाटलं बशी."

पण ताई, मी नुसतीच निंदा लिहीन तर ते खोटं होईल. आम्ही आलो त्या दिवशी ओटिलीने नळ सोडला, त्यातून गरम पाणी आलं, आणि ती रडली. मी तिला लग्नात रडताना पाहिलं नव्हतं, आमचं बाळ गेलं तेव्हा ती पाठ करून रडली होती, पण नळाखाली हात धरून ती सगळ्यांसमोर रडली. जुन्या गल्लीत तिने तीस वर्षं विहिरीचं पाणी दोन जिने वर नेलं होतं. ते मी रोज पाहत होतो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. पलंग सोडताना मी तोंड पाडून बसलो, म्हटलं, माझ्या हाताची एवढी कला, ती या लोकांना नको! तर ती म्हणाली, "द्राक्षं तू एकदा कोरलीस. धूळ मी एकतीस वर्षं पुसली. बदकाच्या पिसाने, एकेक द्राक्ष." इथले वास्तुकार हाल्मसाहेब (वय एकतीस, गोल चष्मा, मनाने सरळ, नखं अगदी स्वच्छ) आम्हाला चावी देताना म्हणाले होते की नक्षी म्हणजे वस्तूने केलेली लबाडी असते. मला त्या माणसाचा राग आला होता. ओटिलीचा आला नाही, कारण तिच्या हातात पीस होतं.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने रागवावं? मी आता कारखान्यात दारं करतो. दिवसाला चाळीस, एकासारखं एक, कागदावर जे माप दिलं असेल ते. या वसाहतीची सगळी दारं आमच्या कारखान्यातून आली. सत्तर सेंटीमीटर रुंद. तेव्हा मी मुकादमाला म्हटलंही होतं की सत्तर जरा कमी वाटतं. तो म्हणाला, "इग्नाझ, माणूस केवढा असतो?" मी म्हटलं, साधारण पन्नास. "मग वीस वर दिलेत की!" मला ते पटलं. हे लक्षात ठेव, याचा पुढे संबंध येणार आहे.

आमच्या जिन्यात एक चित्र लावलं आहे. तांबडा चौकोन, काळी पट्टी आणि एक पिवळा गोल, तोही पुरा नाही. पहिले दोन आठवडे मला वाटायचं की रंगाऱ्याने रंग लावून पाहिला आहे आणि पुसायचा राहिला. मग कळलं की ती कला आहे. मी रोज कामावर जाता-येता थांबून त्याच्याकडे बघतो. द्राक्षं नाहीत, कबुतर नाही, काहीही नाही, तरी त्या पिवळ्या गोलात एक काहीतरी आहे. संध्याकाळी दमून जिना चढताना तो गोल दिसला की मला बरं वाटतं. हे मी कारखान्यात कोणाला सांगितलेलं नाही. तूही पाद्रीबुवांना सांगू नकोस.

दर शनिवारी दुपारी वसाहत पाहायला लोक येतात. आमचं घर नमुन्याचं आहे, त्यामुळे भाड्यात सवलत आहे, त्यामुळे दाराशी लोकरी चपला ठेवलेल्या असतात, त्या बुटांवर चढवून लोक आमच्या घरातून घसरत घसरत फिरतात. हॉलंडचे येतात, डेन्मार्कचे येतात, एकदा एक जपानी गृहस्थ आले आणि त्यांनी आमच्या पिठाच्या खणाला वाकून नमस्कार केला. पूर्वी ओटिली त्यांना स्टुलावर बसून स्वयंपाक करून दाखवायची, हातात पळी घेऊन एखाद्या राणीसारखी. जूनपासून लोक येतात तेव्हा ती पलंगावर असते. माहिती सांगणारी बाई तिच्याजवळ आली की आवाज न बदलता म्हणते, "आणि येथे गृहिणी विश्रांती घेत आहेत." ओटिली डोळे मिटून घेते. मग लोक गेल्यावर म्हणते, "काय रे, मी बरी दिसले का विश्रांती घेताना?"

आता मुख्य गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर क्निप नावाचे एक निवृत्त ट्राम-वाहक राहायचे. जाड माणूस, सभ्य, जिन्यात भेटले की टोपी काढून "पुढे चला, पुढे चला" म्हणायचे. गेल्या आठवड्यात एके सकाळी चहाच्या कपावर ते गेले. दुपारी चौघे जण शवपेटी घेऊन आले. रिकामी पेटी उभी करून वर नेली, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. खाली आणताना घोडं अडलं. आमच्या मजल्यावर जिना वळतो, दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत, एक कोपरा असा की जणू नेमका आमच्यासाठीच घासून धारदार केला आहे. पेटी दोन मीटरची, वळेना. चौघांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, एकाने देवाचं नाव घेतलं, दुसऱ्याने घेतलं ते देवाचं नव्हतं. शेवटी आमचं दार वाजलं. "साहेब, जरा तुमच्याकडे वळवून घेऊ का?" मी दार उघडलं. सत्तर सेंटीमीटर, मी स्वतः रंधा मारलेलं दार! पेटीचं टोक आत आलं, खुंट्यांवरच्या माझ्या कोटापर्यंत आलं, ओटिलीच्या पायांपासून दोन हातांवर आलं आणि तिथे अडकलं. क्निपसाहेब आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. वर जिन्यात त्यांची बायको त्यांची टोपी हातात धरून उभी होती.

पाच मिनिटं ते आमच्याकडे होते. मग चौघांनी पेटी मागे ओढली आणि उभी केली. दुसरा इलाजच नव्हता. ती उभी झाली तेव्हा आतून आवाज आला. ताई, मी त्या आवाजाचं वर्णन करणार नाही. जाड माणूस उभ्या पेटीत खाली सरकला की होतो तो आवाज. क्निपबाई वरून एवढंच म्हणाल्या, "त्यांचे गुडघे दुखतात हो." चौघांपैकी जो शिव्या देत होता त्याने टोपी काढली. मग ते धपधप करत, एकेक पायरी, त्या तांबड्या चौकोनावरून, त्या पिवळ्या गोलावरून, क्निपसाहेबांना उभ्यानेच खाली घेऊन गेले.

मी दार लावलं. ओटिली छताकडे बघत होती. म्हणाली, "मला असं उभं नेऊ नकोस, इग्नाझ." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "चुलीपुढे उभी, मोरीपुढे उभी, विहिरीवर उभी. आयुष्यभर उभीच होते. जाताना तरी आडवी ने." मी वचन दिलं. वचन देताना माझ्या डोळ्यांसमोर तो कोपरा होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून अर्धी सुट्टी घेऊन हाल्मसाहेबांकडे गेलो. भिंतीभर नकाशे. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं, आणि मग उठून कपाटातून एक जाडजूड वही काढली. त्यात सगळं होतं. बाबागाडी, सायकल, लोणच्याची बरणी, नाताळचं झाड, शाळेचं दप्तर, सगळ्यांची मापं. एक पान मुलांना आंघोळ घालण्याचं, एक पान पाहुणा आला तर तो कुठे बसेल याचं. त्यांनी पानं उलटली, परत उलटली, बोट खाली-वर नेलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आम्ही माणसाचा पूर्ण दिवस मोजला होता. सकाळी सहा ते रात्री दहा." मी म्हटलं, "क्निपसाहेब सव्वाआठला गेले." मला वाटलं ते चिडतील. तर ते पांढरे पडले आणि म्हणाले, "आपण प्रयोग करून पाहू."

प्रयोग शनिवारी दुपारी ठरला, कारण मला आठवडाभर सुट्टी नव्हती. त्या वेळी पाहुणे येतात हे ते विसरले, आणि मीही विसरलो. हाल्मसाहेबांनी प्लायवूडची एक पेटी करून आणली होती, साधी, गुळगुळीत, खरं सांगतो, फार सुबक. पेटीत कोणीतरी निजायला हवं होतं, कारण रिकामी पेटी कुठूनही जाते हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दोन मजूर, एक मदतनीस आणि मी. "आपली उंची सरासरी आहे," ते मला म्हणाले. साठ वर्षांत माझी अशी कोणी स्तुती केली नव्हती. मी बूट काढले आणि निजलो. ओटिलीने दार उघडं ठेवायला लावलं होतं, उशीला टेकून ती बघत होती. म्हणाली, "हात पोटावर घे, शोभतं तसं."

पहिल्या पाच पायऱ्या मी आरामात गेलो. वळणावर माझे पाय भिंतीला टेकले आणि डोकं कठड्याला. हाल्मसाहेब मोजपट्टी घेऊन माझ्या कानाशी, "तीन अंश डावीकडे! आता पाय उचला! मृताचे पाय नाही, पेटीचे!" मजुरांनी उचललं, फिरवलं, आणि मी अडकलो. म्हणजे असा अडकलो की पुढेही नाही आणि मागेही नाही, तिरका, डोकं खाली, पाय पिवळ्या गोलाकडे. रक्त सगळं डोक्यात. आणि तेवढ्यात खालून चपलांची घसरघसर ऐकू आली. स्वीडनचे चौदा लोक, पुढे ती माहिती सांगणारी बाई. ती वर आली, तिने पेटी पाहिली, पेटीत मला पाहिलं. मी उलट्या डोक्याने म्हटलं, "नमस्कार." ताई, त्या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. ती क्षणभरच थांबली, मग लोकांकडे वळून म्हणाली, "आणि येथे जिन्याचा वापर चालू आहे." स्वीडनच्या एकाने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आमच्या घरातून हसण्याचा आवाज आला. ओटिली हसत होती. मार्चनंतर ती हसली नव्हती. ती हसली, तोंडावर चादर दाबून हसली, "येथे गृहस्थ विश्रांती घेत आहेत!" असं ओरडून हसली, आणि मग तो आवाज बदलला. पोटातल्या दुखण्याने तिचं हसणं मध्येच तोडलं. मला कळलं, चौतीस वर्षांचा कान आहे माझा. मी पेटीतून निघायला धडपडलो, पण निघता येईना, दोन्ही बाजूंना सिमेंट. ती आत कण्हत होती आणि मी आठ पावलांवर पेटीत उलटा अडकून पडलो होतो. मी ओरडलो, फोडा ही पेटी! हाल्मसाहेबांनी स्वतः लाथ घातली. दोन लाथांत प्लायवूड फुटलं. मी मोज्यांवर धावत आत गेलो, तिचा हात धरला, औषधाचे थेंब दिले. अर्ध्या तासाने तिचा श्वास सरळ झाला. स्वीडनचे लोक तोवर हळूच गेले होते, लोकरी चपला दाराशी ओळीने लावून.

हाल्मसाहेब गेले नव्हते. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते, मीठ आणि पिठाच्या खणांमध्ये, आणि त्यांच्या बुटाला भुसा लागला होता. म्हणाले, "माझे वडील दवाखान्यात वारले. मला नंतर बोलावलं. मी हे कधी पाहिलेलंच नाही." मी त्यांना कॉफी करून दिली. (दोनदा कपाळ आपटून.) ओटिलीने आतून विचारलं, "साहेब, या घरात आनंदाने राहायची सगळी सोय तुम्ही केलीत. मी राहिले. आता निघायची सोय करा." जाताना त्यांनी फुटलेल्या पेटीचे तुकडे एकेक करून गोळा केले.

सोमवारी, म्हणजे काल, जिन्यात त्या चित्राशेजारी व्यवस्थापनाची नोटीस लागली. हाल्मसाहेबांची नव्हे, वरच्या कोणाची तरी. त्यात लिहिलं आहे की गंभीर आजारी भाडेकरूंना वेळेत दवाखान्यात हलवण्याची दक्षता कुटुंबीयांनी घ्यावी, जेणेकरून जिन्याच्या वापरात अडथळा येणार नाही. क्निपबाई ती वाचून म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे अडथळा झाले." मी तेव्हा नोटिशीखाली उभा राहून तुझ्या घराचा विचार करत होतो. तुझ्या घराचं दार केवढं रुंद आहे! वडील गेले तेव्हा सहा जण खांद्यावर घेऊन सरळ बाहेर पडले, मान वाकवावी लागली नाही, उंबऱ्यावर थांबून त्यांनी रिवाजाप्रमाणे पेटी तीनदा टेकवली, आणि तुझी चूल, ती सतराव्या शतकातली, आत पेटलेली होती. खालची खोली रिकामी आहे. पलंगही त्याच घरात आहे. कोणालाही वाटेल की बायकोला आडवी नेण्याचं वचन दिलेला माणूस एवढं सगळं लिहितो ते या एकाच मागणीसाठी. मलाही काल संध्याकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

असो. आधुनिक म्हणजे काय हे तू मला तीन वर्षांपूर्वी विचारलं होतंस आणि मी केक खात होतो. आज एवढंच सांगू शकतो की गरम पाणी खरं आहे, जिन्याचा कोपरा खरा आहे, आणि तो पिवळा गोलही मला अजून आवडतो. यातलं एक घेऊन दुसरं सोडता येत नाही. मला सगळ्याचा राग येतो आणि राग धरावा असा माणूस एकही सापडत नाही, सापडला तर तो मीच असतो, हातात रंधा घेतलेला. ओटिली आता झोपली आहे. तुझ्या बदकांना, पाद्रीबुवांना आणि शेजारच्या सगळ्यांना नमस्कार सांग. उत्तर लिहिलंस तर ठळक अक्षरात लिही, मला ओटिलीला वाचून दाखवायचं असतं.

तुझा धाकटा भाऊ,
इग्नाझ

ता. क. काल संध्याकाळी मी ओटिलीपुढे तुझ्या घराचा विषय काढला. म्हटलं, रुंद दार, स्वतःचा पलंग, ताईला विचारतो. तिने मला पुरतं बोलू दिलं आणि म्हणाली, "मी इथूनच जाणार. हे माझं घर आहे. या घरासाठी मी अर्ज केला, रांगेत मी उभी राहिले. गरम पाण्याने तोंड धुऊन इथूनच जाणार." मग मला मोजपट्टी आणायला लावली. दुकानात पेट्या एकाच मापाच्या मिळतात, दोन मीटरच्या, जो मरेल त्याने त्यात मावायचं. जिन्याच्या वळणावरून एक मीटर बासष्टची पेटी आडवी जाते. हे मी कारखान्यातल्या फळीने चारदा करून पाहिलं, कोपऱ्याला कागदही घासत नाही. ओटिलीची उंची एक मीटर चोपन्न. रुंदी, ताई, आता लिहिण्यासारखी राहिलेली नाही. तेव्हा पेटी मलाच करायला हवी, तिच्या मापाने, पातळ फळीची, आणि एवढी पातळ असून न वाकणारी फळी म्हणजे जुना, वाळलेला अक्रोड. असा अक्रोड शहरात मिळत नाही. तो तुझ्या पाठीखाली आहे. पलंग खोलून उशाची फळी, पायाची फळी आणि दोन्ही बाजू रेल्वेने पाठवून दे. पाचर डावीकडून मारली की सांधा सुटतो. तुला काही दिवस जमिनीवर झोपावं लागेल, त्याबद्दल तुझी क्षमा मागायला ओटिलीने मला सांगितलं आहे.

आणखी एक ता. क. ती जागी झाली. वरचं सगळं वाचून घेतलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. "वाल्बुर्गा, तुझी चूल सतराव्या शतकातली नाही. अठराव्या शतकातली आहे, मी नीट विचार केला. फळ्यांबरोबर स्वतःही ये. या घराला तू दवाखाना म्हणाली होतीस ना, मग दवाखान्यात मला पाहायला ये. आणि आलुबुखाराचा मुरंबा आण, दुसरं काही गिळवत नाही." लोकरी चपला दाराशी असतात, ताई, पण तू बूट घालूनच आत ये.

शेवटचा ता. क. मी तिला म्हटलं, द्राक्षं रंध्याने काढून टाकतो, कबुतरंही, सगळं सपाट करतो, तुझ्या घराला शोभेल असं. तसंही बाहेर नक्षी ठेवली तर जिन्याच्या भिंतीला घासेल. ती म्हणाली, "द्राक्षं काढ. एक कबुतर ठेव." मी म्हटलं, घासेल. "आतल्या बाजूने ठेव की, झाकणाला. माझ्याकडे तोंड करून." मी म्हटलं, आत दोन बोटं जागा खाईल ते. ती म्हणाली, "खाऊ दे, मी कुठे एवढी उरले आहे? आणि तिथे धूळ पुसायला नको." म्हणून ताई, उशाच्या फळीभोवती पेंढा जास्त घाल, आणि डाव्या कबुतराला जप, त्याची चोच एकदा चिकटवलेली आहे.